वाघोबाचं फडकं

वाघोबा हे नाव मीच ठेवलं. नावाला जागून तरी तो थोडा धीट होईल, अशी माझी आशा होती. तो पांढरा उंदीर आहे, माझ्या अंगठ्यापेक्षा जरासा मोठा, आणि पहिले तीन दिवस मला त्याची फक्त शेपटी दिसली. बाकीचा वाघोबा पुठ्ठ्याच्या नळीत.

आमच्या शाळेची प्रयोगशाळा बंद होत होती. जे उंदीर कोणी घरी नेणार नाही ते प्राणिसंग्रहालयात जातील, असं विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. तिथे नेमके कोणाच्या पिंजऱ्यात, हे वर्गात कोणी विचारलं नाही. मी हात वर केला. हल्ली मी बऱ्याचदा हात वर करते. गेल्या वर्षीपर्यंत बाईंना माझं नावही आठवत नसे.

आईला ते आवडलं नाही, पण नाही म्हणायलाही ताकद लागते. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे. पहाटे जाते, दिवसभर गरम रोलरमधून चादरी काढते आणि चारला घरी येते. आली की दाराजवळच्या खुर्चीत बसते, आणि दहा मिनिटं तिची पिशवीसुद्धा खांद्यावरच असते. त्या दहा मिनिटांना मी आणि बाबा ‘आई अजून पोचली नाही’ असं म्हणतो.

चौथ्या दिवशी पिंजरा साफ करताना वाघोबा माझ्या हातून निसटला आणि थेट कपाटामागे. आई नुकतीच आली होती. आम्ही दोघींनी ते कपाट ओढलं. उंदीर सापडला, आणि आई तिथेच फरशीवर बसली.

“हे बघ,” ती म्हणाली, “पंधरा दिवस. तेवढ्यात त्याला हातात घेता आलं तर राहील, नाहीतर बाईंकडे परत. हे कपाट पुन्हा ओढायची माझ्यात शक्ती नाही.”

“आठवड्यातच येईल बघ.”

“बघू तुझा वाघ.”

बाईंनी एका कागदावर सगळी रीत लिहून दिली होती. फडक्याचा तुकडा दोन दिवस अंगाशी बाळगायचा, म्हणजे त्याला आपला वास लागतो. मग तो उंदराच्या घरट्यात ठेवायचा. मग हात आत ठेवून स्वस्थ बसायचं. घाई करायची नाही. मी जुन्या टी-शर्टचा तुकडा कापला आणि दोन दिवस शर्टाच्या आत खोचून फिरले, कवायतीच्या तासालासुद्धा. त्या फडक्याला माझा असा वास लागला की मलाच नको झाला.

त्यानंतर रोज तेच. शाळा, क्लास, सहाला घर, आणि पाऊण तास पिंजऱ्यात हात. तळव्यावर ओटचे दाणे. वाघोबा नळीतून नाक काढायचा, मिशा हलवायचा, माझ्या करंगळीपासून बोटभर अंतरावर यायचा, हुंगायचा आणि पळून जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. रोज जणू आमची पहिलीच ओळख. मुदतीच्या दहाव्या दिवशी माझा खांदा इतका भरून आला की वेणी घालताना हात वर जाईना. बाईंसमोर मी कॉलर ताठ करून ‘मस्त चाललंय’ म्हणत होते, आणि घरी पिंजऱ्याशेजारी डोकं टेकून पेंगत होते.

तेराव्या दिवशी क्लासला सुट्टी मिळाली आणि मी पावणेपाचलाच घरी आले. आई मोरीत उकिडवी बसून काहीतरी चोळत होती. खांद्यावर एक छोटं वाळलेलं फडकं.

“काय गं करतेस?”

“तुझ्या वाघाचं फडकं धुतेय. वास मारतं.”

“रोज धुतेस?”

“मग काय तसंच ठेवू? दोन केलीत मी. एक आत, एक दोरीवर.”

मी उंबऱ्यावरच बसले. कारण चूक माझीही होती. मी रोज ते फडकं बघत होते. चौकोनी घडी, टोकाला टोक जुळलेलं. दुसऱ्या कुठल्याही घरात मुलीने विचारलं असतं, की उंदराच्या घरट्यातल्या चिंधीची घडी कोण घालतंय? आमच्याकडे फरशी पुसायच्या फडक्याचीही घडी असते, त्यामुळे माझ्या डोळ्यांना ती टोचलीच नाही.

“आई, त्याला माझा वास लागावा म्हणून होतं ते. तू रोज मला धुऊन टाकत होतीस.”

तिचे हात थांबले. “सांगायचं नाही का मग?” आवाजात राग नव्हता, नुसता थकवा. “मला वाटलं, तेवढंच तुझं एक काम कमी.”

माझं मोठं भाषण तयार होतं. ते गिळलं. “दोनच दिवस राहिलेत,” एवढंच म्हणाले.

“मलाही तो पाठवायचा नाहीये गं. पण रोज जुनं फडकं काढायचं म्हणजे, त्यातच बसलेला असतो, सोडत नाही. उचलून बाजूला ठेवावा लागतो.”

“उचलून? कशाने?”

“हाताने. मग काय चिमट्याने?”

मी तिला उठवलंच. तिने हात पुसले, पिंजऱ्याचं दार उघडलं आणि वाळलेलं फडकं आत धरलं. वाघोबा नळीतून बाहेर आला, फडक्यावर चढला, आणि तिथून सरळ तिच्या मनगटावर. इतके दिवस तो ज्या वासात झोपत होता तो साबणाचा होता, आणि तोच आईच्या हातांना. मला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला. पाऊण-पाऊण तास माझा हात आत होता.

“हातात येतो,” मी म्हणाले. “म्हणजे राहील ना?”

आईने मनगटावरच्या वाघोबाकडे पाहिलं. “म्हणजे हेही माझ्याच गळ्यात.”

“नाही. पिंजरा मी साफ करणार, दाणे मी घालणार. तोवर तू त्याला घेऊन बसायचं.”

“आणि काय करायचं?”

“काही नाही. नुसतं बसायचं.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी एखाद्या परदेशाचं नाव घेतलंय. मग पलंगावर भिंतीला टेकून बसली. वाघोबा तिच्या तळव्यात एकदा गोल फिरला आणि बाहीत शिरला. ती हसली नाही, पण तिचे खांदे खाली आले. मी पिंजऱ्याचा तळ खरवडायला घेतला.

थोड्या वेळाने तिने डोळे न उघडता विचारलं, “झालं का गं साफ?”

झालं होतं.

“अजून थोडं राहिलंय,” मी म्हणाले, आणि तीच जागा पुन्हा पुसायला लागले.