हातमोज्यांखालचा ड्रम

मित्रांनो, मी एक जुना स्नेअर ड्रम आहे, आणि हल्ली माझ्यावर ओले हातमोजे वाळत घालतात. ड्रमच्या संचात वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांमधे बसतो तो मी. माझ्या पोटाखाली बारीक तारा ताणलेल्या असतात. वरच्या ताणलेल्या कातड्यावर, म्हणजे पानावर, काठी पडली की त्या सरसरतात. रॉकच्या गाण्यात ज्या ठोक्यावर तुमची मान आपोआप हलते, तो ठोका माझा.

उत्तरेच्या बर्फाळ देशातल्या लाहती गावात माउनो नावाचा सुतार खुर्च्या करायचा. त्यानं बर्च झाडाची एक पातळ फळी वाफेवर मऊ केली, वाकवून गोल केली, टोकाला टोक चिकटवलं आणि मला आपल्या भाचीला दिलं. ती सिर्पा. माणसं मी ठोक्यावरून ओळखतो. सिर्पा मोठे ठोके देई तेव्हा तिचं मन दुसरीकडे असे. खरी ती मधल्या हळुवार ठोक्यांत होती, कानात कुजबुजावं तशी. लग्नांत, शाळांच्या सभागृहांत, तळ्याकाठच्या नाचांत आम्ही वाजलो. लोक म्हणत, "सिर्पा, तुझा ड्रम बोलतो." मी फुगून जाई. पान सैल असलं तरी.

पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ठरवलं, निदान एक तरी तबकडी काढायची. त्यांनी म्हणजे सिर्पा, बास वाजवणारा रेइमा आणि गिटारवाला केइयो. ध्वनिमुद्रण केइयोच्या घरी, तळघरात. तिथं सौना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायची लाकडी खोली, शेजारी फरशीची न्हाणी आणि पलीकडे शेकोटीची खोली. न्हाणीत आवाज छान घुमतो म्हणून मला तिथं बसवलं, आणि केइयोचा संगणक शेकोटीपाशी. शनिवारी सौना तापायची. त्याआधी सिर्पा मला न चुकता घोंगडीत गुंडाळून शेकोटीच्या खोलीत नेई. "म्हाताऱ्याला वाफ सोसत नाही," म्हणे.

मला एवढंच हवं होतं, की त्या तबकडीवर माझा आवाज राहावा. ड्रमच्या मागे दुसरं काय राहतं?

केइयोनं एक माईक माझ्या वर लावला, एक खाली, तारांसाठी. इथं गंमत झाली. काठी पडली की माझं पान वरच्या माईकपासून लांब जातं आणि खालच्याकडे धावतं. एक म्हणतो गेला, दुसरा म्हणतो आला. दोघांचं बोलणं एकत्र केलं की ते एकमेकांना खोडतात, आणि उरतो पुठ्ठ्याच्या खोक्याचा आवाज. म्हणून एकाचं बोलणं उलट करायचं बटण असतं. ते केइयोच्या पडद्यावर होतं. पण ड्रमला विचारतंय कोण.

आवाज सुधारावा म्हणून त्यानं माझ्यावर चिकटपट्ट्या लावल्या. पाकीट ठेवलं, मग फडकं ठेवलं. पडद्यावर आवाज चढवला, दाबला, परत चढवला. स्वतःची गिटार त्यानं एकावर एक रचून भिंतच बांधली होती. तीतली एखादी वीट काढावी असं काही त्याला सुचलं नाही.

"ड्रम म्हातारा झालाय गं," तो म्हणाला.

"तू कुठं तरणा आहेस," सिर्पा म्हणाली आणि परत माझं पान सुरात लावू लागली.

गाणी पुरी झाली त्या शनिवारी सगळे खुशीत होते. सॉसेज भाजायला काढले, बिअर बर्फात खोचली आणि तिघं सौनात शिरले. मला न्यायचं राहिलं. मी न्हाणीत, सौनाच्या दाराला लागून, उघडा.

आता केइयोची हुशारी बघा. सौनात कुणी भांडत नाही. ही तिथली रीत, आवाजसुद्धा चढवायचा नाही. म्हणून त्यानं नेमकी तीच जागा निवडली.

"सिर्पा, एक सांगायचं होतं. स्नेअर बदललाय मी."

"बदललाय म्हणजे?"

"तुझाच ठोका, तुझीच वेळ. फक्त आवाज तयार मिळतो ना संगणकात, तो बसवलाय. कुणाला कळणार नाही."

"आणि मधले हळू ठोके?"

"ते... संगणकाला सापडले नाहीत."

ज्याच्या तळघरात मी महिनोन्‌महिने राबलो, त्यानं मला कधीच पुसून टाकलं होतं. मग पाणी तापल्या दगडांवर पडल्याचा आवाज आला. सिर्पानं ओगराळं ओतलं होतं.

"गरम होतंय का रे, केइयो?" तिनं गोड आवाजात विचारलं.

"नाही."

परत ओगराळं. परत. रीत मोडली नाही, आवाज चढला नाही.

"अजून टाक," रेइमा म्हणाला. "माझे कान अजून भाजले नाहीत."

शेवटी केइयो उठला आणि लालबुंद होऊन, माझ्यावरून उडी मारून बाहेर पळाला. दार सताड उघडं राहिलं. सगळी वाफ माझ्यावर.

सिर्पा त्याच्या मागोमाग आली. माझ्यासाठीच चालली होती ती भांडायला, आणि माझ्या शेजारून गेली.

"मूळचा आवाज लाव," ती शेकोटीपाशी म्हणाली.

"ऐक मग. वरचा माईक बरा आहे. खालचा जोडला की मरतो, हे बघ..." त्याचं ओलं बोट घसरलं आणि शेजारच्या, आवाज उलट करायच्या बटणावर पडलं.

मित्रांनो, तो आवाज मी भिंतीपलीकडून ऐकला. भरदार, पोटातून आलेला, तारांची सरसर अंगावर घेऊन. मधली कुजबुजही. मी.

"हा कुठं होता इतके दिवस?" केइयो हळूच म्हणाला.

"न्हाणीत," सिर्पा म्हणाली. तिला रडू आलं असावं, नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग ते हसले, बिअर उघडली, गाणं पुनःपुन्हा लावलं. माझं कौतुक चाललं होतं आणि मी वाफेत भिजत होतो. जाताना कुणीतरी न्हाणी सुकावी म्हणून खिडकी उघडली. बाहेर कडाक्याची थंडी होती.

सकाळी माउनोचा सांधा उकलला होता. वाफेनं मला गोल केलं होतं, वाफेनंच सोडवलं. सिर्पा आली, भेगेवरून बोट फिरवलं, आणि म्हणाली, "अरे, तुला न्यायचं राहिलंच." एवढंच. पुढच्या कार्यक्रमाला तिनं पत्र्याचा नवा ड्रम आणला.

तबकडीवर मी आहे. पाहुणे विचारतात, "स्नेअर काय सुंदर वाजलाय, कुठला?" सिर्पा घराच्या कोपऱ्याकडे, माझ्याकडे बोट दाखवते. पाहुण्यांना तिथं हातमोजे दिसतात.

केइयोचा मला आता राग नाही. त्यानं निदान मला ओळखलंच नव्हतं. सिर्पानं ओळखलं होतं. तेव्हा मित्रांनो, वस्तूला नावं ठेवण्याआधी आपलं बटण तपासा. आणि कुणासाठी भांडायला निघालात, तर आधी त्याला वाफेतून बाहेर काढा. भांडण थोडं थांबू शकतं.