दहातले नऊ

"अहो, हेल्मेट राहिलं!" वसुंधराबाई जिन्यातून ओरडल्या, तेव्हा कमलाकर सायकलवर बसलेसुद्धा होते.

"उपयोग नाही, असं तूच म्हणालीस ना काल!" हसत हसत ते कामोठ्याच्या गल्लीतून उरणच्या रस्त्याकडे वळले.

वसुंधराबाईंनी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. चुकीचा हिशेब कानावर पडला की त्यांना गप्प बसवत नसे. काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी पेपरातली बातमी वाचली. मेलेल्या दहा सायकलवाल्यांपैकी नऊ जण हेल्मेटशिवाय होते. बाई ताडकन उठल्या. "अहो, रस्त्यावरचेच दहातले नऊ घालत नाहीत. मग मेलेल्यांतही तेवढेच निघणार! हेल्मेटने जीव वाचतो, हे यावरून कुठे ठरलं?" टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात कमलाकरांनी वाजवल्या.

जीव वाचत नाही, हेही त्यावरून ठरत नव्हतं. पण ते सांगायचं टाळ्यांच्या नादात राहून गेलं.

आता खुंटीवरचं हेल्मेट बघवत नव्हतं. मितालीने, लेकीने, बाबांसाठी हौसेने पाठवलेलं. नवरा यायची वेळ टळून गेली. फोन वाजत होता, ते उचलत नव्हते. तेवढ्यात कामाला येणारी मैना दारातूनच म्हणाली, "बाय, उरणच्या रस्त्याला जासईपाशी ट्रेलरनं सायकलवाल्याला उडवला."

"कोण होता?"

"ठावं नाय. म्हातारा व्हता म्हनं."

बाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या. काल उगाच शहाणपणा केला, जीभ झडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

बऱ्याच वेळाने कमलाकर आले. सायकल हातात धरून, चालत. चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या पुढेच होता गं," खुर्चीत बसत ते म्हणाले. "हेल्मेट घातलं होतं त्याने. तरी जागच्या जागी गेला. तुझंच बरोबर होतं, वसू."

"एका माणसावरून काही ठरत नसतं," बाई म्हणाल्या. "आणि माझ्याकडे एकच माणूस आहे."

खुंटीवरचं हेल्मेट काढून त्यांनी ते घरातच, खुर्चीत बसलेल्या नवऱ्याच्या डोक्यावर चढवलं. पट्टा काही केल्या लागेना. कमलाकर हनुवटी वर करून बसून राहिले.