रडणाऱ्या पुलाला मलम

पोलादालाही आत्मा असतो आणि महामार्गावरचा पूल रक्ताचे अश्रू ढाळतो, हे सत्य बाबांना ध्यानात उमगले. ध्यान त्यांनी पुलाखालीच लावले होते. तिथून तुळईवरचा लाल ओघळ स्वच्छ दिसत असे.

गर्दी लोटली. बाबा शिडीवर चढले, ओघळ पुसला, मलम चोपडले आणि म्हणाले, "रडू नकोस. तुझं दुःख मी घेतलं." त्यानंतर महिनाभर पूल रडला नाही.

पूल तपासणाऱ्या बाईंना याचे काही वाटले नाही. हल्ली त्यांना कशाचेच फारसे वाटत नसे. पण कार्यालयाच्या तक्त्यात 'गंजाचे ओघळ' यापुढे 'नाहीत' लिहिले, की पुलाचा धोका आपोआप 'कमी' होई. साहेबांनी तसे लिहून तो 'कमी' करूनही टाकला होता.

बाईंनी शंका काढली, तसे साहेब म्हणाले, "तक्ता काय बाबांनी भरलाय, बाई?"

"नाही साहेब. मलम तेवढं त्यांचं."

बाईंचा धाकटा भाऊ त्याच पुलावरून रोज भरलेला टँकर नेई. "ताई, मी हॉर्नसुद्धा वाजवत नाही आता. झोपलाय बिचारा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शिडीवर चढल्या आणि मलम खरवडू लागल्या. खालून ओरडा झाला, "अहो, पाप लागेल!"

मलम म्हणजे मोटारीचे पोचे बुजवायची पुट्टी निघाली. तिच्याखाली, जोडाच्या टोकाशी, वीतभर चीर होती.

"हे रक्त नाही," बाई सपाट आवाजात म्हणाल्या. "तार वाकवून वाकवून तुटते ना? तसंच. प्रत्येक ट्रकखाली पोलाद जरासं वाकतं. लाखो वेळा वाकलं की चिरतं. चिरेच्या कडा घासतात, त्याचा गंज दवाबरोबर गळतो."

"पण बाबांनी रडणं थांबवलं ना?" एका आजींनी विचारले.

"झाकलं. चीर आत वाढतेच आहे. माझंही खरं मानू नका, आजी. या, बोट लावून बघा."

बाई उतरल्या; आजी शिडीवर चढल्या आणि चिरेला बोट लावले. वरून ट्रक गेला.

"अगं बाई! उघडतंय की हे!"

मग रांग लागली. बाबांना बोलावले, तर त्यांची ध्यानाची वेळ झाली होती.

चीर पाहून दुपारी दोन वाजता साहेबांनी पूल बंद केला. भावाचा फोन आला, "ताई, बावीस किलोमीटरचा वळसा पडतो गं!"

"घाल."

सकाळपासून तो पुलावरून दोनदा जाऊन आला होता.