उषाआत्याची माती

"पिशवीत? बाईला पिशवीत घालून न्यायचं?"

सगुणाबाईने माझ्याकडे असं पाहिलं, की मी नाकावरचा रुमाल खाली घेतला. पण क्षणभरच. लगेच परत लावला.

उषाआत्या दोन दिवस घरात मरून पडली होती. मे महिना, दारं-खिडक्या बंद. मस्तगडच्या गल्लीत वास सुटला तेव्हा शेजारच्या मैमूनाने पोलीस बोलावले. पंचनामा झाला, डॉक्टर हृदयविकार लिहून गेले आणि मी, तिचा एकुलता भाचा, दुपारी पोचलो. आत एक पाऊल टाकलं आणि बाहेर येऊन गटारीत ओकलो.

"राजानंद, जल्दी उरकू," चर्चच्या कमिटीचे कल्याणसर लांबूनच म्हणाले होते. "पिशवीत गुंडाळा, पेटीत ठेवा, झालं. आत कोण जाणार?"

सगुणाबाई आत निघाली. मिशनच्या दवाखान्यात तिने तीस वर्षं आया म्हणून काढली. चर्चच्या मंडळीतली कुठलीही बाई वारली की आंघोळ घालायला तिलाच निरोप जायचा. लग्नाच्या पंगतीत मात्र तिच्या शेजारची जागा रिकामी राहायची. मेलेल्यांना हात लावते ना! मीही कधी तिथे बसलो नव्हतो.

मैमूना बादली उचलून तिच्या मागे निघाली.

"तू कशाला गं?" सगुणाबाईने विचारलं.

"बाईनंच मला लिहायला शिकवलं, मावशी. येऊ दे मला."

बंद दाराआडून पाण्याचा आवाज येत राहिला. मधूनच सगुणाबाईचं बोलणं ऐकू यायचं, लहान मुलीशी बोलावं तसं. "हात सैल सोडा बाई. झालंच आता. केस हळू विंचरते, बरं का."

बाहेर कल्याणसर आणि कमिटीतले दुसरे एक वडीलधारे प्रार्थना आधी कोणी करायची यावर हमरीतुमरीवर आले होते. एका चुलतबहिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, "घर कुणाच्या नावावर केलंय रे?" मी तिच्याकडे पाठ फिरवली.

तासाभराने दार उघडलं. पांढरी साडी, नीट चुण्या, मनगटावर आत्याचं जुनं घड्याळ. चेहरा झाकलेला होता.

"तेवढा न्हाई बघायचा," सगुणाबाई म्हणाली. "बाकी बाई होत्या तशाच हायेत."

कबरस्तानात पोचलो, तर खोदलेल्या कबरीत पत्रावळ्या पडलेल्या. शेजारच्या मंगल कार्यालयातून भिंतीवरून फेकलेल्या. आंबलेला भात, वरण, आणि त्यावर घोंघावणाऱ्या माश्या.

"सकाळीच साफ खोदून गेल्तो साहेब," कबरी खोदणारा याकूब रडवेला झाला होता. "पेटी उतरवायचे दोर आणाया गेलो, तेवढ्यात..."

"टाका वरून माती," कल्याणसर म्हणाले. "काय फरक पडतो आता?"

"फरक कसा न्हाई? बाई खाली निजणार हायेत." याकूबने चपला काढल्या आणि आत उतरला. दोन्ही हातांनी ती घाण टोपलीत भरून वर देऊ लागला. सगुणाबाई काठावर बसून टोपली घेत होती. मी बूट सांभाळत दोन पावलं मागे सरकलो. त्या क्षणी मला सगळ्यांत जास्त किळस माझी आली.

शेवटी त्याने तळाशी कोरडी माती पसरली, हाताने सपाट केली आणि वर आला. पेटी उतरली. चर्चच्या पाळकांनी शास्त्रपाठ वाचला, सगळ्यांनी मूठ-मूठ माती टाकली. मग कल्याणसरांनी आभार मानले: गाडी देणाऱ्यांचे, फुलं देणाऱ्यांचे, लांबून आलेल्या माझे. सगुणाबाई आणि याकूब तेव्हा फाटकाजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी होते.

मी तिकडे गेलो. सगुणाबाई एका हाताने पाण्याचा मग कलंडवून दुसरा हात धुवायची धडपड करत होती. मी तो मग तिच्या हातातून घेतला.

"राहू दे रे बाबा, लांब हो. वास जात न्हाई लवकर."

मी रुमाल खिशात कोंबला आणि तिच्या हातांवर पाणी घातलं. तिने कोपरापर्यंत हात चोळले, बोटांच्या बेचक्या चोळल्या. मी तो मग टाकीतून पुन्हा भरून घेतला. याकूबनेही तिच्या शेजारी ओंजळ पुढे केली.