सैल झाकण

"ठीक आहे" या दोन शब्दांवर माझा राग आहे. देशभरातल्या पुरुषांच्या तब्येतीची एक लांबलचक पाहणी चालते, तिच्यात मी नर्स. तीच माणसं दर तीन वर्षांनी पुन्हा गाठायची, ती म्हातारी होईपर्यंत. वजन, रक्तदाब, झोप, दारू, मन, सगळं विचारायचं. झोप कशी? ठीक. मन कसं? ठीक. एक जण छाती चोळत चोळत ठीक म्हणाला, आणि पुढच्या फेरीला भिंतीवर त्याचा फोटो भेटला.

पाना त्यातलाच. ट्रकचा मेकॅनिक. त्याने हाताने आवळलेला नट सोडवायला इतरांना पाना लागायचा, म्हणून गॅरेजात हे नाव पडलं. आमच्याकडे मुठीचा जोर मोजायचं यंत्र असतं. दांडी दाबली की काटा सरकतो. पान्याने पहिल्या फेरीला काटा असा पळवला की यंत्र बिघडलं समजून मी दुसरं आणलं. दर वेळी जाताना तो विचारायचा, "सिस्टर, माझ्या पुढे कोणी गेला का हो?" दुसऱ्याचे आकडे आम्ही सांगत नाही. मी नुसती हसायचे. तेवढ्यावर स्वारी खूश.

या फेरीला तो केंद्रावर आलाच नाही. फोन केला तर त्याची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "हे घरी नाहीत," आणि मागून त्याचाच खोकला. आमचा साहेब म्हणाला, "एकाने काय फरक पडतो? काढून टाका नाव." साहेबाला माणूस म्हणजे आलेखावरचा ठिपका. ठिपका खोकत नाही. मी यंत्र पिशवीत टाकलं आणि घर गाठलं.

वहिनींनी दार उघडलं आणि कुजबुजल्या, "ताई, मी बोलावलं असं म्हणू नका हं."

"तुम्ही कुठे बोलावलंत?"

"तेच म्हणतेय. बरं झालं आलात."

पाना स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. शर्टाऐवजी डोक्यातून घालायचा स्वेटर, नाडीच्या बुटांऐवजी चपला. कप दोन्ही हातांनी धरलेला. मला बघून तोंड कडू केलं.

प्रश्न विचारताना खोलीत दुसरं कोणी नको, हा आमचा नियम. बायकोसमोर नवरा खरं बोलत नाही म्हणे. बायको नसतानाही कुठे बोलतो? पण नियम तो नियम. वहिनी आतल्या खोलीत गेल्या.

झोप ठीक. भूक ठीक. मन ठीक.

"बरं, आता मूठ."

त्याने डावा हात पुढे केला.

"उजवा, दादा."

"आता डावखुरा झालोय."

"या वयात?"

"माणसाने नवीन काही शिकत राहावं."

मी यंत्र तसंच धरून राहिले. शेवटी उजवा हात आला. सगळ्यांना एकच वाक्य, एकाच सुरात म्हणायचं असतं, नाहीतर माणूस चेव येऊन जास्त दाबतो. मी कोरड्या आवाजात म्हटलं, "दाबा, दाबा, अजून दाबा." त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. काटा जागचा हलला म्हणजे हललाच फक्त. अंगठ्याच्या मुळाशी मांस आत बसलेलं मला दिसलं.

"मागच्या वेळचा आकडा लिहा," तो म्हणाला.

"नाही."

"कोणाचं काय बिघडतंय? वाचायला बसलंय कोण?"

"तुमचं बिघडतंय," मी सुनावलं. "मानेत नस दबली असेल, दुसरं काही असेल. ते डॉक्टर सांगेल. आकडा एवढा पडला तर पाहणीतून मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी निघते. जुना लिहिला तर कागदावर तुम्ही पैलवान. पैलवानाला कोण तपासतो? बसा मग ठीक, ठीक करत."

त्याने हात टेबलाखाली ओढला. मग म्हणाला, "आणि त्यांनी सांगितलं की आता हा हात गेला, तर? गॅरेजात मला फडकं मारायला ठेवतील?"

मी कागद पुढे ओढला. राहिलेला प्रश्न मी वाचला. "घरात आधार देणारं कोणी आहे का? हो की नाही."

तो टेबलावरच्या कॉफीच्या बरणीकडे बघत राहिला.

"ती बरणी," तो हळू आवाजात म्हणाला. "रोज सकाळी मी उठायच्या आत ती झाकण सैल करून ठेवते. मग हाक मारते, अहो, एवढं उघडून द्या, माझ्याच्याने होत नाही. मी उघडतो. ती म्हणते, बाई, काय तो जोर. तिला वाटतं मला कळत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? किती मन लावून खोटं बोलते ती."

मी कागदात डोकं घातलं. तिथे फक्त हो आणि नाही. हो वर खूण केली. एवढ्याशा चौकोनात ती बरणी कशी मावणार, हे प्रश्न लिहिणाऱ्या शहाण्यांना विचारायला हवं.

"आकडा?" मी विचारलं.

त्याने उजवा हात उलटासुलटा करून पाहिला. दुसऱ्याचा असावा तसा.

"खरा लिहा."

मी लिहिला आणि तिथेच बसून इस्पितळाची चिठ्ठी भरली. त्याने आत हाक दिली, "अगं, ये इकडे." वहिनी आल्या. त्याने बरणी पुढे सरकवली. "उघड."

वहिनींनी सवयीने बरणी पोटाशी धरली, दात आवळले, डोळे मिटले. "नाही हो, फारच घट्ट आहे."

"पुरे आता. सकाळपासून सैल आहे ते."

वहिनींचे हात थांबले. झाकण आपोआप फिरून त्यांच्या बोटांत आलं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"मग इतके दिवस उघडत कशाला होतात?"

"तू हाक मारायचीस म्हणून."

त्या वळून शेगडीकडे गेल्या. पाणी ठेवलं, पण शेगडी पेटवायची राहिली. पाठ आमच्याकडेच.

"ऐक," पाना म्हणाला, "उद्या इस्पितळात जायचंय. शर्ट घालावा म्हणतो."

"घाला की."

"बटणं तू लाव."