टाकीवरचा काढा

बाबा कागद कारखान्यात होते, लाकडाचा लगदा शिजवायच्या टाकीवर. एकवीस वर्षं. लगदा कागदाकडे जायचा आणि मागे उरायचं ते काळं, दाट, सडक्या कोबीसारख्या वासाचं पाणी. कामगार त्याला काढा म्हणायचे. संध्याकाळी बाबांची सायकल फाटकाशी येण्याआधीच त्यांचा वास घरात शिरायचा. मी धावत सुटायचे आणि आई हात आडवा घालायची, "आधी आंघोळ, मग लाड!" मला मात्र तो वास आवडायचा. तो आला म्हणजे बाबा आले.

मी नववीत असताना कारखाना बंद पडला. बाबा एका गोदामावर लागले. कारखान्याचा विषय निघाला की ते उठून झाडांना पाणी घालायला जात.

आणि तीस वर्षांनी मी त्याच काढ्यावर संशोधन करत होते. झाडाला ताठ उभं ठेवणारा चिवट भाग, लिग्निन, या काढ्यात वाहून जातो. तो बहुतेक ठिकाणी जाळतात, नाहीतर फेकतात. आम्ही तो वेगळा काढून, त्याचे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण करून मक्यापासून केलेल्या प्लॅस्टिकमध्ये मिसळत होतो. त्यातून मजबूत, उन्हाला टिकणारा पातळ पापुद्रा मिळायला हवा होता. मिळत नव्हता. कण एकमेकांना धरून बसायचे, पापुद्रा खरखरीत निघायचा आणि हातात फाटायचा. सात महिने हेच.

"बाई," माझा सहकारी म्हणाला, "आपण पॉलिशपेपरचा शोध लावलाय."

एका रविवारी बाबा माझ्याकडे जेवायला आले होते. प्रयोगशाळेत एक यंत्र बंद करायचं राहिलं होतं, म्हणून दुपारी त्यांना घेऊनच गेले. मी यंत्राशी असताना त्यांनी टेबलावरच्या काढ्याच्या बरणीचं झाकण उघडलं. वाकून वास घेतला.

"सुरूच्या लाकडाचा आहे," म्हणाले.

"कशावरून?"

"वासावरून. बांबूचा जरा हिरवट येतो." त्यांनी शेजारच्या ताटलीत बोट घातलं. "आणि हे काय?"

"त्यातलंच लिग्निन. वाळवून, दळून ठेवतो."

"वाळवता कशाला?"

"मोजायला सोपं जातं, बाबा."

"सोपं! टाकीच्या कडेला वाळलेला थर आम्ही छिन्नीने फोडायचो. ओला आहे तोवर तो ऐकतो. एकदा वाळला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

मी हसले आणि हसता हसता थांबले. वाळवायचं यंत्र आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होतं, म्हणून आम्ही वाळवत होतो. का, असं कुणी विचारलंच नव्हतं.

सोमवारपासून आम्ही लिग्निन ओलंच वापरायला घेतलं. तीन वेळा बिघडलं. चौथ्या वेळी पापुद्रा निघाला तो वाळक्या पानाच्या रंगाचा, सगळीकडे सारखा. ताणून पाहिला तर आधीच्या दीडपट ताण त्याने सोसला. मी तुकडा घेऊन तडक बाबांकडे गेले.

त्यांनी तो खिडकीशी धरला. दोन्ही हातांनी ओढला. मग खुर्चीत बसले.

"काढा जास्त झाला की साहेब सांगायचे, ओढ्यात सोड. व्हॉल्व्ह मी फिरवायचो. दुसऱ्या दिवशी मासे उलटे तरंगायचे." ते माझ्याकडे बघत नव्हते. "तू तिथे पोहायला गेलीस म्हणून एकदा तुला मारलं होतं."

"आठवतंय. आयुष्यात तेवढंच मारलंत."

"कारण सांगायची लाज वाटली गं."

 मी त्यांच्या पायाशी बसले, लहानपणी बसायचे तशी. त्या दिवशी ते पहिल्यांदा कारखान्याबद्दल भरभरून बोलले: वाफेच्या नळावर गरम केलेले डबे, भोंगा, टाकीवर बसून बेसूर गाणारा फोरमन. चहा दोनदा गार झाला.

संशोधन छापायला पाठवताना मी लेखाच्या शेवटी बाबांचे आभार मानले आणि त्यांना वाचून दाखवलं.

"एकट्याचं नको," ते म्हणाले. "टाकीवर आम्ही पाच जण होतो."

त्यांनी चष्मा लावून पाचही नावं स्वच्छ अक्षरात लिहून दिली. त्यातले दोघे आता हयात नव्हते. पाचही छापून आली. बाबांनी तो अंक उरलेल्या दोघांच्या घरी स्वतः नेऊन दाखवला.