अकरा नंबरची रेघ

आमचा वायरमन माणूस चांगला, पण एकदा बोलायला लागला की थांबत नाही. त्या दिवशी शिडीवर चढून, छताला टांगलेल्या लेझर प्रोजेक्टरवर हात ठेवून तो मला समजावत होता, आणि मी खाली उभी राहून मनात म्हणत होते, बाबा रे, उतर आता, माझं काम खोळंबलंय.

"मॅडम, वेगळी वायर ओढायचीच नाही. हा ज्या वायरीतून वीज घेतो ना, त्याच वायरीतून तुमचा हुकूमही त्याच्यापर्यंत जाणार. तुम्ही केबिनमध्ये बसून आकडा दाबा, इथे टेबलावर रेघ सरकेल."

"आणि वीज?"

"वीजही जाणार, हुकूमही जाणार. कुणी कुणाच्या आड येत नाही."

म्हटलं, वा. आमच्या घरात माणसांना जे जमलं नाही ते वायरीला जमतंय.

आमचा दरवाज्यांचा कारखाना. लाकूड टेबलावर येतं, वरून प्रोजेक्टरची लाल रेघ पडते, आणि करवतीवरचे काका त्या रेघेवर कापतात. काका वडिलांच्या वेळचे. दोन टेबलं, दोन प्रोजेक्टर. पूर्वी हे सगळं टेपने चालायचं. पण टेपला दोन माणसं लागतात, एक मोजणारा आणि एक टोक धरणारा. माझ्याकडे टोक धरणारं माणूस राहिलं नव्हतं, म्हणून लेझर घेतला. लोकांना मी सांगते, काम वेगाने होतं. होतंच म्हणा. पण खरं कारण ते नाही.

टोक धरायला माझा भाऊ असायचा. ठोंब्या. त्याला नाव आहे, चांगलं आहे, पण मी ते कधी वापरलं नाही. तो धड चालायला लागला नव्हता तेव्हा आई गेली. वडील करवतीवर, आणि हा माझ्या कडेवर. त्याला मीच न्हाऊ घातलं, मीच शाळेत सोडलं, मीच बदडलं. जरा मोठा झाला तेव्हा मी ओरडायची, "ठोंब्या, टोक धर!" की हा असेल तिथून भुशातून धावत यायचा.

वडिलांचा टेप जुना होता, त्याच्या टोकाची पत्र्याची आकडी झिजून वाकली होती. म्हणून ते शून्यापासून कधी मोजायचे नाहीत. दहाच्या खुणेवर बोट ठेवायचे आणि शेवटी जे माप येईल त्यातून दहा वजा करायचे. ठोंब्या टोक धरायचा म्हणजे दहावर अंगठा दाबून धरायचा, आणि ओरडून सांगायचा, "दहा सोडलेत हं, ताई!" म्हणजे मी वजा करायला विसरू नये. पुढे नवे टेप आले, त्यांच्या आकड्या सरळ होत्या, तरी आमची सवय गेली नाही. आमच्याकडे मोजणं दहाच्या पुढूनच सुरू होतं.

वायरमनने विचारलं, "प्रोजेक्टरला नंबर कोणते द्यायचे? प्रत्येकाला आपला नंबर लागतो, नाहीतर हुकूम कुणासाठी आहे ते त्याला कळत नाही."

"अकरा आणि बारा," मी म्हटलं.

"एक आणि दोन का नाही?"

"तुला काय करायचंय? दे म्हटलं की दे."

पहिल्याच आठवड्यात मी एक अख्खा दरवाजा दहा सेंटीमीटरने तोकडा कापून घेतला. लेझरचं शून्य खरं असतं, त्याच्यातून काही वजा करायचं नसतं. पण हाताला कोण सांगणार? माप डोक्यात आलं की हात दहा वजा करून मोकळा. काका त्या दरवाज्याकडे बघत म्हणाले, "बाई, हा कुणा बुटक्याच्या घरी जाणार का?" मी खापर वायरमनवर फोडलं.

त्यानंतर रेघ आपोआप हलायला लागली. मी अकरा नंबरची रेघ दोनशे दहावर आणावी, दाराची उंची तेवढीच, आणि काका करवत चालू करणार एवढ्यात ती सरकन नव्वदवर जाऊन उभी राहावी. मी परत आणावी, ती परत जावी. दोन दिवस हा खेळ चालला. माझं डोकं फिरलं. वायरमनला बोलावून त्याची अशी खरडपट्टी काढली की बिचाऱ्याने चहालाही हात लावला नाही.

तो मेन बोर्डापाशी बराच वेळ घुटमळला, मग बाहेरून चक्कर मारून आला आणि हसायला लागला.

"मॅडम, भिंतीपलीकडेही असेच प्रोजेक्टर आहेत. त्यांनीही अकरा आणि बाराच ठेवलेत. सगळी दुनिया एकपासून सुरू करते, तुम्ही दोघं अकरापासून कसे काय?"

मी भिंतीकडे बघितलं.

"भिंत तुम्ही विटांची घातलीत," तो म्हणाला, "पण वायर एकच राहिली. तुमचा हुकूम तिकडे जातो, त्यांचा इकडे येतो. तुमच्या प्रोजेक्टरचे नंबर एक आणि दोन करतो, दहा मिनिटांचं काम."

भिंतीपलीकडे ठोंब्या आहे. वडील गेल्यावर तो म्हणाला, मला दरवाजे करायचे नाहीत, जिने करायचेत. मी म्हटलं, जिन्यात काय ठेवलंय, पायऱ्या मोजत बसशील जन्मभर. शब्दाने शब्द वाढला. तो म्हणाला, "तू माझी आई व्हायला जाऊ नकोस." मी म्हटलं, "मग भिंत घाल आणि राहा पलीकडे." मला वाटलं, रागावून जेवायचा नाही, संध्याकाळी येईल. त्याने खरंच भिंत घातली. आणि तीही अशी ओळंब्यात की एक सूत इकडेतिकडे नाही. शिकवणाऱ्यालाच शिव्या द्यायच्या तर त्यात मीही आले.

तीन वर्षं झाली. त्याची करवत मला ऐकू येते, त्याचा खोकला ऐकू येतो. तो शिट्टी वाजवतो ती बेसूर असते आणि ती मला रोज हवी असते. गेटमधून जाताना आम्ही दोघंही मोबाइलमध्ये डोकं घालतो. तीन वर्षांत मला कुणी 'ताई' म्हटलेलं नाही. बाई म्हणतात, मॅडम म्हणतात. ताई म्हणणारा जगात एकच होता.

आणि आता कळलं की त्यानेही लेझर घेतलाय. म्हणजे त्याच्याकडेही टोक धरायला कुणी नाही.

"नंबर बदलू ना?" वायरमनने विचारलं.

"नको. राहू दे. बघते मी नंतर."

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू माझंच कनेक्शन सैल झालंय. "अहो, पण रेघ हलणार."

"हलू दे."

मग काय झालं ते सांगते, पटलं तर बघा. काही दिवसांनी भांडण आपोआप मिटलं. मी अकराला हात लावायची, तो लावायचा नाही. तो बाराला हात लावायचा, मी लावायची नाही. कुणी कुणाला सांगितलं नाही, निरोप नाही, काही नाही. अकरा नंबर माझा, बारा त्याचा. माझं दुसरं टेबल बसून राहिलं. काका कुरकुरले, "बाई, एवढं महागाचं यंत्र नुसतं दिवा म्हणून लावलंय का?" मी म्हटलं, तुम्ही तुमचं बघा.

खरं सांगायचं तर मी त्या रिकाम्या टेबलाशी जाऊन बसायची. टेबलावर फक्त लाल रेघ. ती सरकायची, थांबायची, सरकायची. त्यावरून मला कळायचं, आज त्याने कधी काम सुरू केलं, कधी जेवायला गेला, कुठली ऑर्डर चाललीय. रेघ नव्वदवर थांबली की पायऱ्या. एकशेवीसवर गेली की कुणातरी ऐपतवाल्याचा रुंद जिना. दुपारी रेघ बराच वेळ हलली नाही की मी म्हणायची, झोपला वाटतं मेला. माझी मलाच लाज वाटायची, या वयात रेघेशी बोलतेय.

एकदा सगळा दिवस रेघ नव्वदवर होती. मधूनमधून कडा तासायला इकडेतिकडे जायची, पुन्हा नव्वदवर. भिंतीतून करवतीचा आवाज आला की मी पायरी मोजायची. भारी लाकूड असावं, करवत जड चालत होती. संध्याकाळ व्हायला आली आणि रेघ आली ती ऐंशीवर.

मी ताडकन उठले. ऐंशी कसली? दमला होता, हाताने दहा वजा केले होते. माझ्या त्या बुटक्या दरवाज्यासारखी त्याची पायरी जाणार होती. एक पायरी तोकडी म्हणजे अख्ख्या जिन्याच्या लाकडाचा रंग, रेषा, सगळं परत जुळवायचं.

मी केबिनमध्ये पळाले, बारा नंबर दाबला, नव्वद.

रेघ नव्वदवर गेली. लगेच ऐंशीवर परत आली. हट्टी कार्टं! मी परत नव्वद केली. ती परत ऐंशी. मी भिंतीला तोंड लावून ओरडणार होते, पण ओरडले नाही. तिसऱ्यांदा नव्वद केली आणि बटणावरून बोट उचललं नाही.

या वेळी रेघ हलली नाही. पलीकडे करवत बंद होती. मग ती सुरू झाली, आणि रेघ नव्वदवरच होती. कापून झाल्यावर रेघ एकदा विझली आणि परत लागली. बास, एकदाच. त्याने मुद्दाम केलं की बटणाला धक्का लागला, मला माहीत नाही. मी मात्र त्या दिवशी खुर्चीत बसून रडले, आणि काकांना सांगितलं की डोळ्यात भुसा गेला.

तरी मी पलीकडे गेले नाही. का जाऊ? भिंत त्याने घातली होती. त्याने यावं, मला हाक मारावी, एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच तो करत नव्हता.

असं किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक, पण एका दुपारी अकरा नंबरची रेघ हलली. माझी रेघ. काका फळी ढकलत होते, नजर रेघेवर, आणि रेघ सरकली तशी फळी सरकली, फळीबरोबर हात. करवतीने त्यांच्या अंगठ्याचं नख नेलं. नखावर निभावलं.

मी त्यांचा हात धुऊन पट्टी बांधत होते. काका शांतपणे म्हणाले, "बाई, रेघ जाईल तिकडे माझा हात जातो. तुम्ही केबिनमध्ये काय खेळता ते मी विचारत नाही. पण बोटं माझ्याकडे दहाच आहेत."

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याच संध्याकाळी वायरमनला बोलावलं.

"एक आणि दोन कर," मी म्हटलं.

त्याने वर चढून नंबर बदलले. दहा मिनिटंही लागली नाहीत. तो गेल्यावर मी रिकाम्या टेबलाशी उभी राहिले. रेघ होती, पण आता ती नुसती रेघ होती. भिंतीपलीकडे करवत चालली, थांबली, परत चालली, आणि टेबलावर काही हललं नाही. तीन वर्षांपूर्वी विटा चढताना मी रागात होते, मला काही वाटलं नव्हतं. भिंत माझ्यासाठी आज उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चौकटीला टेप लावून एकटीच झटापट करत होते. टोक अडकवावं, मी मागे सरकावं, टोक सुटावं. तिसऱ्यांदा सुटलं तेव्हा शिवी घालून वर बघितलं, तर शटरखाली कुणीतरी उभं. आधी ओळखलंच नाही. कानाशी केस पांढरे झाले होते. धावत आला होता, छाती वरखाली होत होती.

"काय?" मी म्हटलं. तीन वर्षांनी भाऊ दारात आला आणि माझ्या तोंडातून निघालं ते हे.

"तुझी रेघ हलली नाही."

"मग?"

"रोज आल्या आल्या तू अकरा नंबरची दोनशे दहावर नेतेस. माझ्याकडेही जाते. ती गेली की मी माझं काम सुरू करतो. आज कधीची वाट बघतोय, हललीच नाही. मला वाटलं..."

"काय वाटलं? मेले मी?"

डोळे भरले होते त्याचे, लहानपणी मार खाल्ल्यावर भरायचे तसेच.

"मला काय धाड भरलीय?" मी म्हटलं, पण आवाज नको तिथे फाटला. "नंबर बदलला. काकांचं बोट जाणार होतं."

"काल आमच्याकडे नवीन माणूस होता. त्याने चुकून अकरा दाबला." तो काकांच्या पट्टीकडे बघत राहिला. "चूक माझी आहे. मी त्याला सांगायला हवं होतं, अकराला हात लावायचा नाही."

काका म्हणाले, "नख आहे, येईल परत," आणि उगाच भुसा झाडायला कोपऱ्यात निघून गेले.

बोलायचं तर तीन वर्षांचं होतं, पण सुरुवात कुठून करायची ते दोघांनाही येत नव्हतं.

"बरी आहेस ना, मग झालं," तो म्हणाला. "येतो मी."

आणि वळला. तो खरंच निघाला होता. आता गेला तर परत यायला त्याला कारण नव्हतं, रेघही नव्हती.

"ठोंब्या!" मी ओरडले. "टोक धर!"

तो जागच्या जागी थांबला. मी टेप घेऊन सरळ भिंतीशी गेले, त्याच्या त्या ओळंब्यातल्या भिंतीशी, आणि टेपचं टोक त्याच्याकडे धरलं.

"भिंतीचं माप कशाला?" त्याने विचारलं.

"मी काय बनवते इथे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग भुशातून चालत आला, खाली वाकला, दहाची खूण जमिनीशी धरली आणि तिच्यावर अंगठा दाबला. मी टेप वर ओढत गेले, दोनशे दहाच्या पुढे, दोनशे वीसपर्यंत, आणि पेन्सिलने विटेवर खूण केली. खालून त्याचा आवाज आला.

"दहा सोडलेत हं, ताई."